आधी डांबर, मग खोदाई
२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाण्याखाली गेलेल्या कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणेशमूर्तींचे काम पुन्हा जोमाने चालते, आणि तिथून सायकलने जाताना खरोखर बरे वाटते. पण ते पुढच्या चरापर्यंतच टिकते. डांबरीकरण झाले की जलवाहिनीसाठी रस्ता आडवा खोदायचा, त्यात मुरूम ढकलायचा आणि निघून जायचे, हा क्रम दरवर्षी न चुकता कसा जमतो? मोटारीला तो चर जाणवतही नसेल, परंतु सायकलीचे अरुंद चाक त्यात आदळले की दणका थेट मणक्याला बसतो, आणि चुकवायला बाजूला व्हावे तर मागून हॉर्नचा मारा सुरू होतो (सायकलवाला म्हणजे जणू रस्त्यावरचे अतिक्रमणच!). खोदायचेच होते, तर डांबर टाकण्याची एवढी घाई कोणाला झाली होती?