'सडेतोड' यांस: अलामोची रेघ आणि माझं 'पर्यटन'

अलामोवरच्या माझ्या लेखाला आलेल्या एका प्रतिक्रियेखालीच दोन ओळी लिहायला बसलो होतो, पण लांबत गेलं, म्हणून स्वतंत्र टाकतोय. ज्यांच्या नजरेतून ती प्रतिक्रिया सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेक्सासच्या मेक्सिकोविरुद्धच्या १८३६ च्या बंडातली सर्वांत लाडकी गोष्ट अशी आहे: सॅन अँटोनियोतलं अलामो म्हणजे जुनं मिशन-चर्च, बंडवाल्यांनी त्याचा किल्ला केलेला; त्याला मेक्सिकोचा सेनापती सांता आनाच्या फौजेने वेढा घातलेला, कुमक येत नाही, तेव्हा आतल्यांचा प्रमुख विल्यम ट्रॅव्हिसने तलवारीने मातीत रेघ ओढली आणि मरायला तयार असतील त्यांनी ती ओलांडून या म्हणून सांगितलं. मी लेखात तिला दंतकथा म्हटलं, आणि अलामोतला दुसरा प्रसिद्ध वीर डेव्ही क्रॉकेट पकडला जाऊन मारला गेला, असं एका मेक्सिकन अधिकाऱ्याच्या डायरीवरून लिहिलं. त्यावर 'सडेतोड' या नावाने एक गृहस्थ लिहितात:

"पुरावा नाही म्हणजे घडलंच नाही असं होत नाही. रेघेला पुरावा मागता आणि क्रॉकेटला पकडून मारलं हे मात्र एका डायरीवरून खरं धरता. गुलामगिरी एका वाक्यात गुंडाळलीत. फोटोखालची ओळही चूक. दोन दिवस फिरून आलेल्या पर्यटकाने इतिहास लिहू नये."

पर्यटक! अहो, एकवीस वर्षं ह्यूस्टनमध्ये काढली मी. इथून सॅन अँटोनियो गाडीने तीन-सव्वातीन तास, आणि भारतातून जो कोणी पाहुणा येतो त्याला ते दाखवावंच लागतं. सासू-सासरे झाले, मावसभाऊ झाला, बायकोच्या मैत्रिणीचे दीर झाले. आत पुरुषांनी टोप्या काढाव्यात अशी पाटी असते. आमच्या काकांनी गांधीटोपी काढावी की ठेवावी यावर दारात पाच मिनिटं घालवली होती, कारण देवळात डोकं झाकायचं की उघडं ठेवायचं हे त्यांच्या मनात आधी मिटेना. चर्चसमोरच्या फरशीत तेव्हा रेघेची पितळी पट्टी बसवलेली होती. तिच्यावर पाय ठेवून फोटो काढणारी पोरं मी इतक्यांदा पाहिलीत की आता हसूही येत नाही. तुम्ही किती वेळा गेलात, हे मात्र तुमच्या प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही.

मुद्दा पटला नाही तर तसं लिहा. आमच्या वेळी वर्तमानपत्राला वाचकांची पत्रं जायची, त्यात 'आपल्या लेखाबाबत नम्रपणे सुचवू इच्छितो' अशी सुरुवात असायची. त्या नम्रपणामागे काय असायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं, तरी ती असायची.

असो. 'पुरावा नाही म्हणजे घडलंच नाही असं होत नाही.' हे वाक्य तुम्ही फार खुशीत लिहिलेलं दिसतंय, म्हणून त्याच्याकडेच वळतो. पुरावा नाही एवढंच मी म्हणत नाहीये. गोष्ट कधी जन्मली, हे दिसतं, असं म्हणतोय. अलामो पडलं ६ मार्च १८३६ ला. रेघ पहिल्यांदा छापली गेली १८७३ मध्ये, 'टेक्सास अल्मनॅक' या वार्षिकात. लिहिणारा विल्यम झुबर. तो अलामोत नव्हता. त्याचं म्हणणं असं, की मोझेस रोझ नावाचा माणूस रेघ न ओलांडता निसटला, झुबरच्या आईवडिलांच्या घरी आला, त्यांना सांगितलं, आणि आईने ते मुलाला सांगितलं. ट्रॅव्हिसचं लांबलचक भाषणही त्यात आहे. त्यातला एक परिच्छेद आपणच रचल्याचं झुबरने पुढे स्वतः कबूल केलं. आता बोला.

सुझाना डिकिन्सनचं नाव तुम्ही काढाल, म्हणून आधीच सांगतो. ती आत होती आणि वाचली. १८७६ च्या तिच्या जबानीत ट्रॅव्हिसने 'जायचं असेल त्याने रांगेतून पुढे या' म्हटल्याचं आहे, एक जण पुढे आल्याचंही आहे. पण तिथेही रेघ नाही, तलवार नाही. शिवाय झुबरची गोष्ट छापून तोवर तीन वर्षं झाली होती.

आणि ट्रॅव्हिसच्या अगदी जवळ होता तो त्याचा गुलाम, 'जो'. तटावर ट्रॅव्हिस गोळी लागून पडला तेव्हा हा तिथे होता. तो वाचला आणि त्याच महिन्यात टेक्सासच्या मंत्र्यांपुढे त्याने सगळं सांगितलं. त्यातही रेघ नाही. मालकाने असा प्रसंग घडवला असता तर तो त्याला आठवला नसता? रेघेची गोष्ट माणसाला आवडते, एवढंच खरं. वाल्मीकिरामायणात लक्ष्मणरेषा नाही, म्हणून ती आपल्याला कमी ठाऊक आहे का?

क्रॉकेटच्या डायरीपुराव्याचं म्हणाल, तर ती लिहिणारा देला पेन्या सांता आनाच्या सैन्यातला अधिकारी होता, तिथे हजर होता. झुबर नव्हता. मजकूर मेक्सिकोत १९५५ मध्ये छापला गेला आणि त्याच्या खरेपणावर वाद झालाय, हे मला तुमच्याकडून कळायची गरज नाही. दोन्ही गोष्टी एका तराजूत घालू नका, एवढंच.

गुलामगिरी: मेक्सिकोने १८२९ मध्ये ती बंद केली, टेक्सासला सूट मिळाली, आणि १८३६ च्या टेक्सास राज्यघटनेने तिथल्या काँग्रेसला, म्हणजे विधिमंडळाला, गुलाम मुक्त करायला मनाईच केली. हे मला माहीत आहे. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि तो कधी लिहायचा हे मी ठरवेन.

फोटोखालची ओळ मात्र चुकली, हे मान्य. 'याच कमानीखाली ते लढले' असं मी लिहिलं होतं. चर्चच्या माथ्यावरचा तो सुप्रसिद्ध उंचवटा १८५० मध्ये अमेरिकन लष्कराने बांधला. लढाईच्या वेळी वर छप्परही धड नव्हतं. वाईट याचं वाटलं, की मुलगी चौथीत असताना टेक्सासच्या इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी बुटांच्या खोक्यातून तो उंचवटा मीच कापला होता. रात्री साडेअकरापर्यंत बसून, तिने नको म्हटलं तरी. तिला पूर्ण मार्क मिळाले, आणि ते खोकं अजून गॅरेजमध्ये आहे.

ओळ बदलली आहे. पुढच्या वेळी स्वतःच्या नावाने लिहा, म्हणजे आभार कुणाचे मानायचे ते कळेल.