धरण भरले म्हणजे शिंपल्यांचे घर वाढले?

गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आणि शिंपले कुठे जास्त, कुठे कमी, हे समजावणारा एक संदेश सध्या जोरात फिरतोय. त्याचे म्हणणे असे: जिथे ऊन आणि पाणी जास्त तिथे जाती जास्त, चुना असला की झाले, पक्षी त्यांना सगळीकडे पोहोचवतात, आणि धरणाने पाणी वाढते, म्हणजे त्यांचे घरही वाढते. माझ्या भाचीने हे कॉलेजच्या प्रकल्पात जसेच्या तसे उतरवले, तेव्हा गप्प बसवेना.

शेवटचा मुद्दा आधी घेतो. बाकीचे चुकीचे किंवा अर्धवट आहेत, हा घातक आहे. नदीतल्या बहुतेक शिंपल्यांना वाहते, उथळ पाणी आणि खाली स्वच्छ वाळू-खडी लागते. जलाशयात प्रवाह थांबतो आणि तळावर गाळ बसतो. शिवाय त्यांच्या अळ्या माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, आणि पुष्कळ जातींना ठरावीक मासेच चालतात. लॅम्पसिलिस नावाच्या शिंपल्याची मादी तर अंगाची कड छोट्या माशासारखी हलवते. बास मासा झडप घालतो आणि अळ्या घेऊन जातो. धरणाने तो मासा अडवला की पुढची पिढी संपली. मोठे शिंपले मात्र कित्येक दशके जगतात, त्यामुळे वरवर सगळे ठीक दिसते. प्रत्यक्षात तळाशी फक्त म्हातारे उरलेले असतात.

अमेरिकेतल्या अलाबामात कूसा नदीवर 1914 ते 1967 या काळात एकामागून एक धरणे झाली. खडकाळ, खळाळते टप्पे बुडाले आणि जायरोटोमा ही गोगलगायींची अख्खी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, सगळ्या जातींसह नामशेष झाली. 2023 मध्ये अमेरिकेने ज्या 21 जाती नामशेष ठरवून संरक्षित यादीतून काढल्या, त्यांत 8 शिंपले होते. घर वाढले म्हणे!

आता ऊन आणि पाणी. शास्त्रज्ञ एलेन स्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये 'हायड्रोबायोलॉजिया' या संशोधन-नियतकालिकात जगभरच्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचा आढावा घेतला आहे. सुमारे 4000 ज्ञात जातींपैकी सर्वाधिक सापडतात त्या युरोप आणि उत्तर आशियाच्या पट्ट्यात, विषुववृत्तावर नव्हे. तिथले झरे, भूजल आणि बैकालसारखी पुरातन सरोवरे हे त्यामागचे मोठे कारण. शिंपल्यांचेही तेच. उत्तर अमेरिकेत सुमारे 300 जाती आहेत, अॅमेझॉनसकट सगळ्या दक्षिण अमेरिकेत त्याहून बऱ्याच कमी. त्या 300 पैकी बहुतेक आग्नेय भागात, कारण हिमयुगाचा बर्फ तिथवर पोहोचलाच नाही. नद्या जुन्या, खोरी एकमेकींपासून तुटलेली. प्रत्येक खोऱ्यात जाती वेगळ्या घडत गेल्या. उत्तर अमेरिकेतले सुपीरियर सरोवर सुमारे 82,000 चौरस किलोमीटरचे, पण वय जेमतेम दहा हजार वर्षे. आग्नेय युरोपातले, बाल्कनमधले ओहरिड सरोवर साडेतीनशेच्या आसपास चौरस किलोमीटरचे, वय दहा लाख वर्षांहून जास्त. फक्त तिथेच सापडणाऱ्या गोगलगायींची गर्दी ओहरिडमध्ये आहे. पाणी मोजू नका, वय मोजा.

चुन्याचे थोडे खरे आहे, मान्य. कवचाला कॅल्शियम लागते आणि फार मऊ, आम्लधर्मी पाण्यात बऱ्याच जाती टिकत नाहीत. पण युरोपातला मोत्यांचा नदी-शिंपला, मार्गारिटिफेरा, नेमका कमी चुन्याच्या पाण्यातच राहतो, आणि शंभरी ओलांडतो. तेव्हा चुना ही एक अट, अख्खे उत्तर नव्हे.

पक्ष्यांचा मुद्दाही अर्धाच. डार्विनने बदकाचे पाय पाण्यात लटकवून पाहिले होते. नुकत्या जन्मलेल्या गोगलगायी त्यांना चिकटल्या आणि दमट हवेत 12 ते 20 तास जगल्या. काही तळ्यातल्या गोगलगायी दूरवर पसरलेल्या दिसतात, त्याला असा प्रवास कारण असू शकतो. पण ज्या शिंपल्याची अळी माशावर अवलंबून, तो मासा जाईल तिथवरच जाणार, आणि मासा डोंगर ओलांडून शेजारच्या खोऱ्यात उडत जात नाही.