‘जिकडे डॉलर तिकडे हा’ : लारिओनोव्हवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

रशियन आइस हॉकीपटू इगोर लारिओनोव्हवरच्या माझ्या लेखाखाली ‘एक वाचक’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी इथे देतो : “बारा गावचं पाणी प्यायलेला भाडोत्री खेळाडू. जिकडे डॉलर तिकडे हा. तुम्ही त्याला संत करून टाकलंत. फ्लोरिडातला फज्जा एका ओळीत उरकलात. आकडे नाहीत, नुसत्या भावना. आणि मराठीत हे वाचणार कोण?”

महोदय, मतभेदाला माझी हरकत नाही. पण तुमचा सूर मला खटकला, आणि खटकला हे मी लपवणार नाही. एका माणसाची सत्तावीस वर्षांची कारकीर्द तुम्ही दोन शब्दांत निकालात काढलीत आणि खाली स्वतःचं नाव लिहायचं टाळलंत. लारिओनोव्हने १९८८ मध्ये ‘ओगोन्योक’ साप्ताहिकात प्रशिक्षक व्हिक्टर तिखोनोव्हला जाहीर पत्र लिहिलं, ते नावानिशी. तिखोनोव्ह त्याच्या क्लबचाही प्रशिक्षक होता आणि राष्ट्रीय संघाचाही. त्याच्या मर्जीवर या माणसाचं खेळणं, परदेशी जाणं, सगळं अवलंबून होतं. तरी त्याने लिहिलं. तुम्हाला तर माझ्यापासून कसलीच भीती नव्हती.

फ्लोरिडाबद्दल तुमचं म्हणणं रास्त आहे. २००० साली तो स्वतःच्या मर्जीने डेट्रॉइटचा संघ सोडून तिकडे गेला, त्याचा जुना सहकारी पाव्हेल बुरे तिथे होता म्हणून मोठ्या अपेक्षा होत्या, आणि काहीच जमलं नाही. डिसेंबरमध्येच तो डेट्रॉइटला परतला. यावर चार ओळी जास्त लिहायला हव्या होत्या, हे मला मान्य आहे.

पण ‘जिकडे डॉलर तिकडे हा’ हे वाक्य मी सोडून देणार नाही.

सुरुवातीपासून बघा. वोस्क्रेसेन्स्क हे त्याचं गाव, खिमिक हा गावचा क्लब. १९८१ मध्ये तो मॉस्कोच्या सेस्कात गेला. सेस्का म्हणजे लष्कराचा क्लब. सैन्यसेवेच्या नावाखाली देशभरातले चांगले खेळाडू तिथे ओढून घेतले जात. तिथे आक्रमक फळीत क्रुतोव्ह आणि माकारोव्ह या दोघांच्या मधोमध तो खेळला, सारायेव्हो आणि कॅलगरी अशी दोन ऑलिंपिक सुवर्णं मिळवली. आणि त्याच काळात वर्षातले दहा-अकरा महिने हे खेळाडू क्लबच्या सराव-छावणीत कोंडलेले असत. बायकामुलं मॉस्कोत आणि हे छावणीत. यात डॉलर कुठे दिसला तुम्हाला?

१९८९ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याला कॅनडातल्या व्हँकुव्हर संघात खेळायला जायला मिळालं. पण सोव्हइंटरस्पोर्ट ही सरकारी संस्था मध्ये होती, आणि कराराच्या पैशातला मोठा वाटा तिच्याकडे जायचा. १९९२ मध्ये करार संपला. नुकताच त्याचा व्हँकुव्हरमधला सर्वांत चांगला मोसम झाला होता, ६५ गुणांचा (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलसाठी दिलेले पास, मिळून). वीस-एकवीस वर्षांच्या बुरेला तो तिथे हाताशी धरून उभा करत होता. थांबला असता तर पैसा होताच. पण तो थांबला असता तर क्लबकडून सोव्हइंटरस्पोर्टला पुन्हा पैसे गेले असते. आपल्या नावावर त्या संस्थेला आणखी एक पैसा मिळू द्यायचा नाही, म्हणून त्याने जगातली सर्वांत मोठी लीग, उत्तर अमेरिकेतली एनएचएल, सोडली आणि एक मोसम स्वित्झर्लंडमध्ये, लुगानोत काढला. तुमच्या ‘बारा गावां’तलं हे एक गाव. हे डॉलरमागे धावणं आहे?

या बाबतीत मला कोणी शिकवण्याची गरज नाही. नव्वदीच्या सुरुवातीला मी आखातात नोकरीला होतो, मुंबईतल्या एका एजंटामार्फत. पोहोचल्या दिवशी पासपोर्ट काढून घेतला गेला आणि साहेबाच्या लोखंडी कपाटात गेला. पगार पाकिटातून मिळायचा. पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेला आकडा आणि आतल्या नोटा कधीच जुळत नसत. एजंटाचा हिस्सा आधीच कापलेला असे. करार संपल्यावर वाढीव पगार देऊ केला गेला, एजंटाचा वाटा मात्र तसाच ठेवून. घरावर कर्ज होतं, तरी मी परत आलो. आपल्या घामातला वाटा दुसऱ्याच्या खिशात जाताना बघणं काय असतं हे ज्याने भोगलंय, तो लारिओनोव्हला भाडोत्री म्हणणार नाही. तुम्ही हे भोगलं नसेल तर निदान बोलण्याआधी विचारायचं होतं.

त्यापुढची दोन गावं तर त्याने निवडलीही नव्हती. वेव्हर ड्राफ्टमध्ये, म्हणजे इतर क्लबांनी राखून न ठेवलेले खेळाडू निवडायच्या फेरीत, सॅन होजेने त्याचे हक्क घेतले होते, म्हणून लुगानोहून परतल्यावर तो तिथे गेला. आदल्या मोसमात त्या संघाने फक्त ११ सामने जिंकले होते. लारिओनोव्ह आला, माकारोव्हही आला, आणि १९९४ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, त्याच संघाने बलाढ्य डेट्रॉइटला सात सामन्यांत बाहेर काढलं. ऑक्टोबर १९९५ मध्ये त्याच डेट्रॉइटने आपला खेळाडू रे शेपर्ड देऊन त्याला घेतलं. ही क्लबांमधली अदलाबदल होती. तिथे फेतिसोव्ह, फेदोरोव्ह, कोझलोव्ह, कोन्स्तांतिनोव्ह आधीच होते. प्रशिक्षक स्कॉटी बोमनने पाचही रशियन एकत्र बर्फावर उतरवले. १९९७ मध्ये स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकल्यावर फेतिसोव्ह आणि लारिओनोव्हने तो दोघांनी मिळून उचलून फिरवला. दोघेही सेस्काच्या छावणीत एकत्र राहिलेले. ज्याला तुम्ही निष्ठा नसलेला म्हणता, तो ही माणसं आयुष्यभर धरून होता. क्लब बदलले म्हणून ती बदलली नाहीत.

२००२ ची स्टॅनली कपची फायनल, डेट्रॉइट विरुद्ध कॅरोलायना, तिसरा सामना. मी तेव्हा डेट्रॉइटच्या उपनगरात राहत होतो, वाहन उद्योगात काम करत होतो, आणि मध्यरात्र उलटून गेली तरी आमच्या इमारतीतल्या जवळजवळ प्रत्येक खिडकीत टीव्हीचा उजेड होता. तिसरा ओव्हरटाइम. चाळीशी ओलांडलेला हा माणूस गोलसमोर पक (हॉकीची रबरी चकती) घेऊन आडवा सरकला. समोर कॅरोलायनाचा खेळाडू अडवायला बर्फावर आडवा पडला. लारिओनोव्हने तो पडेपर्यंत वाट बघितली आणि मग बॅकहँडने पक वर उचलला. गोलमध्ये आर्तुर्स इर्बे होता, सॅन होजेतला त्याचाच जुना सहकारी. इतर कोणीही घाईने फटका मारला असता. तो थांबला. एकेचाळिसाव्या वर्षी, जवळजवळ दोन सामन्यांइतका वेळ खेळून झाल्यावर थांबला. त्याला ‘प्रोफेसर’ का म्हणत हे तुम्हाला तेवढ्या दोन सेकंदांत कळलं असतं.

आकडे हवेत म्हणालात. एनएचएलमध्ये ९२१ सामने, १६९ गोल आणि ४७५ असिस्ट. गोलांच्या जवळजवळ तिप्पट वेळा त्याने दुसऱ्याला गोल करू दिला. स्वतःपुरतं बघणाऱ्या माणसाचा हिशेब असा नसतो. २००८ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला.

संत वगैरे मी कुठेही म्हटलेलं नाही. लेख पुन्हा वाचा. मराठीत कोण वाचणार, याला उत्तर द्यावं असं मला वाटत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढचा लेख फेतिसोव्हवर आहे. त्यावरही जरूर लिहा, पण लेख शेवटपर्यंत वाचून आणि स्वतःच्या नावाने.