व्हिप नसलेला आमदार

अमळनेर तालुक्यातल्या माझ्या आजोळी सध्या एका माणसाची चर्चा आहे. गावच्या दूध संस्थेचा सचिव. 15 वर्षं हिशोब त्याच्याकडे आहे. पुढच्या विधानसभेला अपक्ष उभं राहायचं त्याने मनावर घेतलंय. दर रविवारी सकाळी मामांचा फोन येतो (माझ्याकडे तेव्हा शनिवारची रात्र असते) आणि निम्मं बोलणं त्याच्यावरच होतं. मामांचं मत ठरलेलं आहे: "मानूस चांगला शे, पन एकला काय करी?"

माणूस चांगला आहे हे मी स्वतः पाहिलंय. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत गेले होते, तेव्हा सकाळी किटली घेऊन संस्थेत उभी होते. त्याच्या सख्ख्या भावाच्या दुधाला मशीनवर 3.1 फॅट लागली, म्हणजे भाव कमी. भावाने डोळ्यांनी खुणावलं. याने मान वर न करता तोच आकडा मोठ्याने वाचला, वहीत लिहिला आणि पुढची किटली मागितली. दुसऱ्या दिवशी भाऊ दूध घालायला आला नाही, वहिनी आली.

आपल्याकडे उमेदवाराचं चारित्र्य म्हटलं की लोक सांगतात: निर्व्यसनी आहे, लग्नाला येतो, दहाव्याला येतो, रात्री-अपरात्री फोन उचलतो. उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात गुन्हे, कर्ज, सोनं, शेती सगळं लिहावं लागतं, आणि 2002 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून मतदाराला ते पाहायला मिळतं. हे हवंच. पण भावाने खुणावल्यावर हात हलतो की नाही, हे ना प्रतिज्ञापत्रात कळतं ना दहाव्याच्या हजेरीत. विधानसभेत माणसाची पारख मात्र नेमकी तिथेच होते.

मी नेब्रास्काच्या राजधानीत, लिंकनमध्ये राहते. अमेरिकेतल्या इतर राज्यांपेक्षा इथलं विधिमंडळ वेगळं आहे. 1937 पासून एकच सभागृह, सध्या 49 सदस्य, आणि मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे पक्ष लिहिलेला नसतो. कोण कुठल्या पक्षाचा हे सगळ्यांना माहीत असतं, पैसाही पक्षांकडून येतो, त्यामुळे इथे रामराज्य आहे असं मी म्हणत नाही. पण समित्यांचे अध्यक्ष सदस्य स्वतः गुप्त मतदानाने निवडतात, आणि प्रत्येक विधेयकावर जाहीर सुनावणी होते. विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटबद्दलच्या एका सुनावणीला मी गेले होते. टेबलाशी बसले, नोंदीसाठी आडनावाचं एकेक अक्षर सांगितलं, समोरचा हिरवा दिवा लागला, पिवळा झाला, लाल झाला, वेळ संपली. मी इथली नागरिक नाही, मला मत नाही. तरी एका सदस्याने मला विहिरीच्या खोलीबद्दल प्रश्न विचारला आणि उत्तर लिहून घेतलं. गाडीत बसल्यावर मला मामांचा ओटा आठवला. आमच्या घरातलं कुणीही आजवर आमदाराशी विधेयकाबद्दल एक शब्द बोललेलं नाही. बोललो ते डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाली म्हणून, नाहीतर कुणाच्या बदलीसाठी.

सप्टेंबर 2024 मध्ये या सभागृहावर मोठा दबाव आला. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक प्रतिनिधी-मतं (इलेक्टोरल व्होट्स) असतात, आणि इथली बहुतेक मतं मतदारसंघांनुसार वाटली जातात. ती पद्धत मोडून सगळी मतं एकालाच द्यावीत म्हणून खुद्द ट्रम्प यांच्या बाजूने जोर लागला होता. ओमाहाचे माइक मॅकडॉनेल काही महिन्यांपूर्वीच त्यांच्या पक्षात आले होते. ते नाही म्हणाले आणि विषय तिथेच थांबला. त्यांचं श्रेय त्यांना आहेच. पण पक्षाविरुद्ध गेलं म्हणून इथे आमदारकी जात नाही, म्हणून ते नाही म्हणू शकले.

आपल्याकडे जाते. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्षाच्या आमदाराने व्हिप, म्हणजे सभागृहात कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, मोडला तर त्याच्यावर अपात्रतेची टांगती तलवार असते. त्या कायद्यामागचं कारण मला पटतं. पण त्यामुळे झालंय असं, की महाराष्ट्राच्या 288 जणांच्या सभागृहात कुठलाच व्हिप ज्याला लागू नाही असा आमदार फक्त अपक्ष. निवडून आल्यावर तो पक्षात गेला तर अपात्र ठरतो. बाहेर राहिला, तर प्रत्येक विधेयकावर स्वतःच्या बुद्धीने मत देऊ शकतो. मामा ज्याला "एकला" म्हणतात, त्याच्या हातात ही एवढी मोकळीक असते.

आणि तिचं आपण काय करतो? खान्देशाने अपक्ष निवडून दिले नाहीत असं नाही. अमळनेरनेच 2009 आणि 2014 असे लागोपाठ दोनदा दिले. 2019 ला मुक्ताईनगर आणि साक्रीने दिले. जून 2022 मध्ये ते दोन्ही आमदार शिंदे गटासोबत गेले आणि 2024 ला धनुष्यबाणावर पुन्हा निवडून आले. लोकांनी कौल दिला, तो मान्य. मला खुपतं ते वेगळंच. सत्तेसोबत गेल्याचं कारण आपल्याकडे कुणी विचारत नाही, कारण उत्तर आपणच तयार ठेवलेलं असतं: निधी. पाडळसे धरण वर्षानुवर्षं रखडलंय, मग सरकारसोबत नको का जायला? अपक्ष आमदाराला सरकारच्या दाराशी आपणच ढकलतो, आणि नंतर तो विकला गेला असं चौकात बोलतो.

हे मामांना सांगितलं तेव्हा ते चिडले. "तुले तठे बसीसन काय कयनार?" रास्त आहे. कपाशीला पाणी द्यायच्या वेळी डीपी जळाली की काय होतं, ते त्यांनी भोगलंय. लिंकनमध्ये माझी वीज सलग दोन तासही गेलेली नाही. ज्याचं शेत वाळतं त्याला सभागृहातल्या मतदानाचा हिशोब सुचत नाही, हे मला कळतं. तरी पाणी कुणाला किती, विमा कुठल्या अटीवर, विजेचा दर काय, हे शेवटी सभागृहातच ठरतं. आमदाराला तिथलं कधीच विचारलं नाही, तर डीपीसाठी पुढची 50 वर्षंही त्याच्याच दारात जावं लागेल.

अपक्षाची वाट मुळात अवघड. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला 10 लागतात. चिन्ह मिळतं तेव्हा प्रचाराचे जेमतेम दोन आठवडे उरलेले असतात. खर्चाची मर्यादा 40 लाख, ती आमच्या सचिवाच्या स्वप्नातही नाही. तो पडेल असंच सगळे म्हणतात. पडू दे. पण उभा राहणार असेल तर त्याने आत्ताच, दूध संस्थेच्या ओट्यावर, लोकांसमोर सांगावं की कुणालाच बहुमत मिळालं नाही तर तो कुणाला पाठिंबा देईल, आणि ते बदलायची वेळ आली तर आधी याच ओट्यावर येईल का. दरवर्षी संस्थेचा ताळेबंद तो मोठ्याने वाचतो. कुठल्या विधेयकावर कसं मत दिलं, तेही तसंच वाचून दाखवणार का, हेही सांगावं.

भारताची नागरिक म्हणून माझं नाव 6ए फॉर्म भरून गावच्या यादीत घालता येतं. मत द्यायला मात्र स्वतः केंद्रावर जावं लागतं. फॉर्म मी भरलाय.

येत्या रविवारी संस्थेची बैठक आहे. मामांना म्हटलं, एवढे दोन प्रश्न माझ्या वतीने त्याला विचारा. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "इचारसू. पन डीपीनं बी इचारसू."

म्हटलं, विचारा मामा, पण आधी हे दोन.