संशयिताचा पत्ता

घरातल्या संगणकावर आपण काहीही करत नसताना तो स्वतः काय करत असतो, हा प्रश्न सुज्ञ माणसाला पडत नाही. मला तो पडला, कारण सर्व खिडक्या बंद करून मी उठण्याच्या बेतात असताना राउटरवरचा हिरवा दिवा फार घाईघाईने लुकलुकत होता. मी काही पाठवत नव्हतो, काही मागवतही नव्हतो. मग माझ्या घरातून हा पत्रव्यवहार चालवत कोण होते? संगणकाच्या बाबतीत आमच्याकडे भाच्याचा शब्द शेवटचा असतो. त्याने फोनवर शांतपणे सांगितले, "मामा, आज्ञा टाइप करायची ती काळी खिडकी उघडा, नेटस्टॅट असं लिहा, पुढे एक आडवी रेघ देऊन ए, एन आणि ओ ही अक्षरं टाका. सगळं दिसेल."

सगळे दिसणे हे कोणत्याही संसारात हितावह नसते, हे त्या मुलाला अजून कळायचे आहे.

पडद्यावर यादी सुरू झाली आणि ती थांबण्याचे नाव घेईना. एकीकडे आपला जाळ्यावरचा आकडी पत्ता, दुसरीकडे समोरच्याचा, मग दोघांच्या संबंधांची सद्यःस्थिती आणि सर्वांत शेवटी त्या संबंधांना जबाबदार असलेल्या प्रोग्रॅमचा क्रमांक, अशी ती तपशीलवार नोंद होती. सद्यःस्थितीच्या रकान्यातली भाषा तर विलक्षण सूचक होती. काही ओळींपुढे 'लिसनिंग' लिहिले होते, म्हणजे कोणीतरी कान देऊन बसले होते. काहींपुढे 'एस्टॅब्लिश्ड', म्हणजे संबंध रीतसर प्रस्थापित झाले होते. आणि काहींपुढे 'टाइम वेट'. या शेवटच्या प्रकारात बोलणे केव्हाच संपलेले असते, तरीही एखादे उशिरा निघालेले पाकीट वाटेत असेल, तर ते पुढच्या संभाषणात घुसू नये, म्हणून संगणक काही काळ ती ओळ पुसत नाही. अशा ओळींच्या शेवटी प्रोग्रॅमचा क्रमांक ० असा येतो, कारण बोलणारा प्रोग्रॅम तोवर निघून गेलेला असतो. जबाबदार कोण, तर कोणीही नाही, आणि हे इतक्या स्वच्छ शब्दांत लेखी देणारी यंत्रणा मी प्रथमच पाहत होतो.

पहिला संशयित १२७.०.०.१ हा होता. तो यादीत पुन्हापुन्हा येत होता आणि दोन्ही रकान्यांत येत होता, त्यामुळे माझा संशय बळावला. परंतु चौकशीअंती असे निघाले की, हा पत्ता म्हणजे संगणक स्वतःच. एकाच यंत्रातल्या दोन प्रोग्रॅमना परस्परांशी बोलायचे असले, की ते हा पत्ता वापरतात आणि त्यांचा शब्द घराबाहेर जात नाही. १२७ ने सुरू होणारे सगळे पत्ते, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून अधिक, केवळ या कामासाठी राखलेले आहेत. स्वगतासाठी एवढी जागा कोणत्याही नाटककाराने राखून ठेवली नसेल. पुढचा ०.०.०.० हा तर पत्ताच नव्हता. माझ्या संगणकाच्या कोणत्याही पत्त्यावर कोणीही आले तरी ऐकून घेण्याची तयारी आहे, एवढाच त्याचा अर्थ होता.

मग भाच्याने 'एआरपी' नावाची दुसरी आज्ञा द्यायला लावली आणि घराच्या जाळ्यातली मंडळी समोर आली. त्यांत १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते होते. ते जगात लाखो घरांत जसेच्या तसे वापरले जातात, कारण १९९६ साली निघालेल्या एका दस्तऐवजाने ते खासगी वापरासाठी मोकळे करून दिले आहेत. त्यांच्या शेजारी २२४.०.०.२५१ आणि २३९.२५५.२५५.२५० असे भारदस्त गृहस्थ बसले होते. हे परदेशी आहेत अशी माझी खात्री झाली होती. पण २२४ पासून २३९ पर्यंतचे पत्ते कोणा एकाचे नसतातच, ते जमावाचे असतात. पहिल्यावर उपकरणे एकमेकांची नावे विचारतात आणि दुसऱ्यावर "इथे कोणी टीव्ही आहे का, कोणी स्पीकर आहे का," अशी आरोळी ठोकतात. ज्यांना ऐकायचे ते ऐकतात. घरातल्या माणसांनी एकमेकांना हाका मारणे सोडून दिले, तरी टीव्ही आणि फोन ही रीत पाळतात, हे पाहून मला भरून आले.

येथे थोडे विषयांतर केले पाहिजे. अशा राखीव पत्त्याचा मालक कोण, असे पत्त्यांच्या नोंदवहीत विचारले, तर उत्तरात 'आयाना' या संस्थेचे नाव येते, कारण जगभरचे पत्ते वाटण्याचे मूळ काम तिच्याकडे आहे. साहजिकच, आपल्या संगणकावर हल्ला चढवणारा सापडला, असा समज करून घेऊन कितीतरी लोक त्या संस्थेलाच धारेवर धरतात. हल्ला आम्ही करत नाही, हे पत्ते तुमच्याच घरातले असू शकतात, असा खुलासा त्या संस्थेला आपल्या संकेतस्थळावर करून ठेवावा लागला आहे. तो वाचून माझ्या मनात तयार होत असलेला खरमरीत मजकूर मी आवरता घेतला.

या सर्वांना निर्दोष सोडल्यावर एक पत्ता उरला. तो बाहेरचा होता, संबंध प्रस्थापित होते आणि दार (पोर्ट) ४४३ क्रमांकाचे, सुरक्षित संकेतस्थळांचे होते, म्हणजे जे काही चालले होते ते सांकेतिक लिपीत चालले होते. तपास पूर्ण होईपर्यंत संशयिताची ओळख जाहीर करू नये, या संकेतानुसार मी त्याचे आकडे येथे देत नाही.

आधी मी 'हूइज' या नोंदवहीकडे गेलो. जगाचे पाच विभाग पाडून पाच संस्था अशा नोंदी ठेवतात आणि पत्ता दिला की तो कोणाच्या नावावर आहे हे सांगतात. मात्र या नोंदवहीत इमारतीच्या मालकाचे नाव असते, भाडेकरूचे नव्हे. माझा संशयित इतरांना आपले संगणक भाड्याने देणाऱ्या एका अवाढव्य क्लाउड कंपनीच्या जागेत राहत होता आणि तेथे त्याच्यासारखे असंख्य राहत होते. जागेची टंचाईही खरी आहे. ठिपक्यांनी जोडलेल्या चार आकड्यांच्या या पद्धतीत एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते होऊ शकतात आणि त्यांतले वाटायचे शेवटचे मोठे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपले. एकाच पत्त्यावर शेकडो संकेतस्थळांनी दाटीवाटीने राहणे हे सर्वमान्य झाले आहे.

उलट्या दिशेने, म्हणजे आकड्यांवरून नाव शोधण्याचीही सोय असते. यादीतल्या दुसऱ्या एका ओळीवर ती वापरून पाहिली, तेव्हा १ई१००.नेट असे नाव आले. हा एखाद्या गुप्तहेराचा सांकेतिक क्रमांक असावा, असे मला वाटले. तो निघाला गूगलचा. १ई१०० म्हणजे १ वर १०० शून्ये; या आकड्याला गूगॉल म्हणतात आणि कंपनीचे नाव त्यावरूनच आले, आणि ज्यांना गणितातले विनोद कळतात त्यांना यात हसू येते. माझ्या मुख्य संशयिताचे नाव मात्र त्याच्याच आकड्यांमध्ये आडव्या रेघा घालून तयार केलेले होते. नाव विचारावे आणि समोरच्याने पुन्हा क्रमांकच ऐकवावा, असा हा प्रकार झाला.

निदान तो राहतो कोठे, हे तरी कळावे म्हणून मी नकाशावर ठिकाण दाखवणाऱ्या सेवांचा आधार घेतला. एकीने त्याला एका खंडात बसवले आणि दुसरीने दुसऱ्या. दोघींचाही आत्मविश्वास सारखाच होता. या नकाशांचा पूर्वेतिहास वाचल्यावर माझा राग मावळला. अमेरिकेतल्या ज्या पत्त्यांचे नेमके ठिकाण ठाऊक नव्हते, ते एका कंपनीने आपल्या सूचीत देशाच्या साधारण मध्यावर, ३८ अक्षांश आणि ९७ रेखांश अशा गोळाबेरीज आकड्यांवर टाकून दिले होते. दुर्दैवाने त्या बिंदूपाशी कॅन्सस राज्यातले एक शेत होते. २०१६ साली हा घोळ उघडकीला आला, तोपर्यंत सुमारे ६० कोटी पत्ते त्या एका शेतावर जमा झाले होते आणि चोर, लबाड आणि हरवलेली माणसे शोधत पोलीस वर्षानुवर्षे तेथे येऊन थडकत होते. त्यानंतर कंपनीने तो बिंदू सरकवून एका जलाशयात नेला. म्हणजे पुढच्या तपास अधिकाऱ्याने पोहायला शिकलेले बरे.

"मामा, तुम्ही जगभर कशाला फिरताय? शेवटच्या रकान्यातला क्रमांक बघा की," भाचा म्हणाला. हे त्याने आधी का सांगितले नाही, असे मी त्याला विचारले, तेव्हा तुम्हाला मजा येत होती, असे उत्तर मिळाले. चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये तो क्रमांक शोधला, त्या प्रोग्रॅमची फाइल कोठे ठेवली आहे ते पाहिले, आणि दोन मिनिटांत संशयित पकडला गेला. तो आमच्या प्रिंटरचा मदतनीस होता. प्रिंटरमधली शाई किती उरली आहे, नवी शाई मागवायची वेळ आली आहे काय, याची तो आपल्या कंपनीशी अखंड विचारपूस करत होता.

"अहो, पण तो प्रिंटर केव्हाच भंगारात दिला ना आपण?" मागे उभ्या असलेल्या पत्नीने विचारले.

ते खरे होते. प्रिंटर गेला होता, त्याची वायर गेली होती, त्याला ठेवायचे टेबलही गेले होते. हा निष्ठावंत सेवक मात्र दररोज संगणकाबरोबर उठून दिवंगत धन्याच्या शाईची खबर कंपनीला कळवत राहिला होता. क्षणभर त्याच्याविषयी आदर वाटला, पण हिरवा दिवा लुकलुकतच होता, म्हणून मी तो प्रोग्रॅम काढून टाकण्याची आज्ञा दिली. त्याने मला खात्री आहे का, असे विचारले. आहे म्हटल्यावर पुन्हा विचारले. अखेर तो गेला, आणि जाता जाता त्याने ब्राउझर उघडून माझ्यापुढे एक प्रश्नावली ठेवली: आपण आम्हाला सोडून का जात आहात, शाईविषयी आपण समाधानी होता काय, आणि आमची सेवा इतरांना सुचवाल काय. मी काळ्या खिडकीत पुन्हा तीच आज्ञा दिली. ती प्रश्नावली पुरवण्यासाठी यादीत अनेक नवे पत्ते प्रस्थापित झाले होते, आणि त्यांतला एकही माझ्या ओळखीचा नव्हता.