टोळी नाही आली तर मशीन येतं
बाहेरचे मजूर हाकलले की स्थानिकांची मजुरी वाढते, असं गणित एका लेखात मांडलंय; ते कागदावरच जुळतं. अमेरिकेने १९४२ पासूनची मेक्सिकन शेतमजुरांची ब्रासेरो योजना १९६४ अखेर गुंडाळली. कॅलिफोर्नियात टोमॅटो तोडायला मशीन आलं, मशीनला सोसेल असं टणक वाणही तयार होतं. मजुरी फारशी हललीच नाही.

आपल्याकडे बेळगावातल्या अथणी-चिकोडीत बीडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आल्या नाहीत तर गावातली पोरं कोयता धरतील? नाव नको! साखर कारखाना हार्वेस्टर, म्हणजे ऊस तोडायचं मशीन, पाठवणार. त्याला दोन सऱ्यांत चार-पाच फूट अंतर लागतं. तीन फुटी सरीत चाक तोडलेल्या उसाच्या बुडख्यांवर चढतं, खोडवा (त्याच बुडख्यांतून येणारं पुढचं पीक) विरळ फुटतो. अर्ध्या एकराच्या तुकड्यात तर वळायलाच जागा नाही, म्हणून ड्रायव्हर आत शिरत नाही.