रेड अलर्ट आला, पण पाणी ओटल्यावर येणार का?

आमच्या बडोद्याच्या शाळेच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय. एकाने टाकलं, मिशन मौसमला, म्हणजे केंद्र सरकारच्या हवामान अंदाज सुधारायच्या योजनेला, दोन हजार कोटी, ढगांचा अभ्यास करायला एवढे पैसे कशाला, तेवढ्यात आपल्या विश्वामित्री नदीचा गाळ निघाला असता आणि अंदाज तर मोबाईलवर फुकट मिळतो. खाली धडाधड अंगठे. मी कोलोरॅडोत लाँगमाँट नावाच्या गावात राहतो, नऊ वर्षं झाली, आणि या विषयावर मला गप्प बसवत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी त्या फुकट अ‍ॅपचं बघू. त्यात पावसाचं जे चित्र दिसतं ते बऱ्याचदा अमेरिकन सरकारच्या जीएफएस मॉडेलमधून (मॉडेल म्हणजे पुढचं हवामान गणिताने काढणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम) येतं, नाहीतर युरोपातल्या देशांनी मिळून चालवलेल्या सेंटरकडून. म्हणजे सॅटेलाइट, बलून, सुपरकॉम्प्युटर, सगळ्याचे पैसे कुठल्यातरी देशाच्या जनतेने टॅक्समधून आधीच भरलेले असतात. आता एआय करेल सगळं, असंही एकजण म्हणाला. करेल की, पण गुगलचं हवामान सांगणारं एआय, ग्राफकास्ट, शिकलं कशावर, तर त्याच युरोपियन सेंटरने जमवलेल्या 1979 पासूनच्या हवामानाच्या डेटावर. सरकारी काम मधून काढलं तर एआयला शिकायला काही उरतच नाही.

गंमत नाही, पण इथेही हाच वाद चालू आहे, फक्त उलट्या टोकाने. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर बोल्डरला नोआची, म्हणजे अमेरिकन सरकारच्या हवामान आणि समुद्र खात्याची, लॅब आहे, तिथे एचआरआरआर नावाचं मॉडेल तयार झालं, 2014 पासून रोजच्या वापरात आहे, 3 किलोमीटरच्या बारकाईने दर तासाला नवा अंदाज. वणवा पेटला की धूर कुठल्या गावावर जाणार तेसुद्धा ते दाखवतं आणि माझ्या मुलीला दमा आहे त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी आम्ही तेच बघून तिला खेळायला सोडायचं की नाही ठरवतो. आणि 2025 मध्ये पुढच्या वर्षीच्या बजेटचा जो प्रस्ताव आला त्यात नोआचा संशोधन विभागच बंद करायचं लिहिलं होतं. मॉडेल आहे ना, मग आता संशोधन कशाला, असं म्हणणारे इथेही भेटतात. अहो, चुकलेला अंदाज उघडून तो का चुकला हे बघत बसणारी माणसं गेली की मॉडेल आहे तिथेच थांबतं.

आपल्याकडे उलट आत्ता कुठे वेग आलाय. पुण्याच्या आयआयटीएम या सरकारी हवामान संशोधन संस्थेने भारत फोरकास्ट सिस्टीम नावाचं मॉडेल केलं, मे 2025 मध्ये सुरू झालं, मॉडेल नकाशाचे चौकोनी खाने पाडून प्रत्येकाला एक अंदाज देतं, तो खाना आधी 12 किलोमीटरचा होता तो 6 वर आला. 1999 च्या ओडिशाच्या चक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली आणि 2013 च्या फायलिनमध्ये काही डझन, हा फरक अंदाजाने आणि वेळेवर माणसं हलवल्याने पडला. बिपरजॉय चक्रीवादळाच्या वेळी, 2023 ला, कच्छ-सौराष्ट्रातून लाखभर लोक आधीच हलवले होते. ग्रुपवरच्या मंडळींना हे सगळं माहीत आहे, तरी हवामान खातं खोटं बोलतं म्हणतात, त्याचं मला वाईट वाटतं.

पण त्यांच्या रागात एक खरी गोष्ट आहे आणि ती मला 26 ऑगस्ट 2024 ला कळली. आई-बाबा बडोद्यात समा भागात राहतात, तळमजला. तिकडे रात्र, इकडे सकाळ, बाबा व्हिडिओ कॉलवर हिंचक्यावर बसलेले, मागे आई पोथ्या आणि देव माळ्यावर चढवतीय. मी म्हटलं बाबा, रेड अलर्ट आहे, तुम्ही मामाकडे जा. ते म्हणाले, ‘‘लाल म्हणजे काय ते तू मला सांग, पाणी ओटल्यावर येणार का नाही येणार?’’ ओटला म्हणजे आमचा घरापुढचा ओटा. माझ्यासमोर लॅपटॉपवर तीन मॉडेलं उघडी होती आणि एकातही याचं उत्तर नव्हतं. अंदाज बरोबर होता, पाऊस पडणार म्हणाले तो पडला. पण वर पावागढच्या डोंगरावर आणि आजवा तलावाकडे किती पडला म्हणजे शहरात काळाघोड्याच्या पुलाला नदी किती फूट चढेल, आणि तेवढे फूट चढली की आमच्या गल्लीत कुठल्या पायरीला लागेल, हे सांगणारं कोणी नव्हतं. बाबांचा आपला हिशोब होता, 2019 ला एका दिवसात जवळजवळ 500 मिलिमीटर पडला तेव्हा दुसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं, त्याच्यावर येणार नाही. या वेळी नदी 35 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 26 आहे. पाणी घरात आलं. फ्रिज चार विटांवर ठेवला होता तो आडवा झाला आणि दोघं शेजारच्या पटेलांच्या गच्चीवर दोन रात्री.

हा जो शेवटचा तुकडा आहे ना, मिलिमीटरपासून पायरीपर्यंतचा, तोसुद्धा संशोधनच आहे आणि त्याला पैसे लागतात. इथे 2016 पासून नॅशनल वॉटर मॉडेल चालतं, नदी-ओढ्यांचे साधारण 27 लाख तुकडे, प्रत्येकात किती पाणी येईल त्याचा हिशोब, आणि आता त्यावरून कुठला रस्ता बुडेल त्याचे नकाशे हळूहळू भाग वाढवत देतायत. 2011 ला मिसुरी राज्यातल्या जॉपलिन गावात टॉर्नेडोत 158 माणसं गेली तेव्हा सरकारी लोकांनी वाचलेल्यांना जाऊन विचारलं की सायरन वाजल्यावर तुम्ही काय केलंत, तर बहुतेकांनी लगेच आसरा घेतलाच नव्हता, आधी खिडकीतून बघितलं, टीव्ही लावला, कोणाला तरी विचारलं. त्यानंतर वॉर्निंगची भाषाच बदलायला घेतली, वारा किती यापेक्षा तुमच्या घराचं काय होईल ते लिहायला लागले.

आणि तरीसुद्धा पुरत नाही. टेक्सासमध्ये 4 जुलै 2025 ला फ्लॅश फ्लडची वॉर्निंग पहाटे 1 वाजून 14 मिनिटांनी निघाली होती, केर काउंटीत नदीकाठी शंभराच्या वर माणसं गेली, त्यात कॅम्पला आलेल्या लहान मुली. झोपलेल्या माणसाला उठवणार कोण, हा प्रश्न श्रीमंत देशालाही सुटलेला नाही.

म्हणून गाळ की मॉडेल हे भांडण मला पटतच नाही. गाळ काढाच, नदी रुंद करा, मी विरोधात नाही. पण किती रुंद केली तर काळाघोड्याला किती फूट कमी होईल हे तरी कशावरून ठरवणार, मॉडेलवरूनच ना? 6 किलोमीटरचा खाना म्हणजे समापासून जुन्या शहरातल्या मांडवीपर्यंत जवळपास एकच उत्तर, त्याच्या आत शिरायचं तर बडोद्याचा स्वतःचा पाण्याचा नकाशा पाहिजे, गल्लीगल्लीची उंची मोजलेली पाहिजे, आणि त्यासाठी जुन्या पुरांच्या खुणा लागतात, ज्या लोकांच्या डोक्यात आहेत आणि भिंतींवर.

बाबांनी पुरानंतर कंपाउंडच्या भिंतीवर ऑइलपेंटने रेघ मारली, शेजारी तारीख आणि नदीचे फूट. 2019 ची पण आठवणीने मारली, खाली. एका वहीत काळाघोड्याची पातळी एका बाजूला आणि आमची पायरी दुसऱ्या बाजूला असं लिहायला घेतलंय. मी ते फोटोवरून एक्सेलमध्ये भरतोय, समामधल्या अजून चार घरांचे आकडे आलेत, दांडिया बाजारातून मामाचे यायचेत. ग्रुपमधल्या ज्यांच्या घरात पाणी आलं होतं त्यांनी आपली खूण टेपने मोजून पाठवा, रस्त्यापासून किती इंच आणि साधारण किती वाजता, एवढंच.